कॉलरची पट्टी

नजीबाला खोटं बोलता येत नाही, हे ट्युनिशियातल्या आमच्या कसर हलाल गावात तिच्या शत्रूंनाही मान्य होतं. शत्रू तसे फार नव्हते, एक भावजय सोडली तर. भाजीवाल्याला ती तोंडावर सांगायची की तुझे टोमॅटो कालचे आहेत. तिला बघायला आलेल्या मुलाच्या आईला तिनं सरळ सांगितलं होतं, "तुमचा मुलगा स्वभावानं चांगला आहे, पण त्याचं बोलणं ऐकताना मला जांभया आल्या." ते लग्न झालं नाही, आणि पुढे दुसरंही कुठलं झालं नाही. अशी बाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही दुसऱ्याच्या भल्यासाठी. त्या एका खोट्यानं काय काय केलं ते आमच्या गावात अजून नीट कोणाला ठाऊक नाही. लोक अजून यंत्राला आणि मालकालाच शिव्या देतात.

तिचा बाप हातमागावर सफसारी विणायचा. बायका ती पांढरी चादर अंगावर घ्यायच्या बंद झाल्या तसा माग भिंतीकडे सरकला, त्याच्यावर हरीसाच्या चटणीसाठी मिरच्या वाळू लागल्या, आणि नजीबा शाळा सोडून गावाबाहेरच्या शर्टांच्या कारखान्यात आली. तिथं पहिल्याच दिवशी तिला दलेंदाच्या हाताखाली दिलं. दलेंदा म्हणजे उंच, रुंद मनगटांची बाई, गळ्यात दोरीला अडकवलेली स्वतःची कैची. कारखान्याची कैची तिला चालत नसे. सगळ्या मुली तिला 'खाल्ती' म्हणत. खाल्ती म्हणजे मावशी, पण ही मावशी खाऊ देणारी नव्हती, हातावर टेपनं फटके देणारी होती.

पहिल्या आठवड्यात नजीबानं एक बाही वाकडी लावली आणि गुपचूप ढिगात सरकवली. दलेंदानं ती शोधून आणून तिच्या मशीनवर आपटली.

"ही तुझी?"

"हो."

"वाकडी झालीय हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग पुढे का ढकललीस?"

"पुढची बाई सांभाळून घेईल म्हटलं."

"ती सांभाळून घेईल, मग तिच्या पुढची, मग इस्त्रीवाली, आणि शेवटी शर्ट घालणारा बिचारा एका बाजूला कलून चालेल. होय ना?" सगळा हॉल हसला. दलेंदा हसली नाही. "चुकलेला टाका पुढे जाऊ द्यायचा नसतो, पोरी. जिथं चुकला तिथंच उसवायचा. उसवायची लाज वाटत असेल तर उद्यापासून येऊ नकोस."

नजीबा येत राहिली. केस पांढरे व्हायला लागले तोवर ती तिसऱ्या लाइनीची सुपरवायझर झाली होती आणि दलेंदा तिच्याच लाइनीत कॉलर बसवत होती. गुरू शिष्येच्या हाताखाली आला की बहुतेक ठिकाणी कुरबुरी होतात. इथं झाल्या नाहीत, कारण नजीबा हुकूम सोडतानाही आधी दलेंदाच्या भुवयांकडे बघायची.

मालक सी तिजानी, म्हणजे तिजानीसाहेब, दर वर्षी नव्या मुलींपुढे एकच भाषण करायचे. "जगात आपल्याहून स्वस्त शिवणारे ढिगानं आहेत. त्यांच्याशी भावात भांडायला गेलो तर अंगावरचे कपडे विकावे लागतील. आपल्याकडे काय आहे? समुद्र आहे. पॅरिसच्या दुकानात निळा शर्ट संपला तर लांबच्या देशातून तो यायला महिने जातात. आपला ट्रक संध्याकाळी निघाला की बोट पकडतो, आणि त्याच आठवड्यात शर्ट दुकानात टांगलेला असतो. ते आपल्याला शिलाईचे पैसे देत नाहीत, वेळेवर येण्याचे देतात." जुन्या बायका हे भाषण ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणायच्या.

भाषण जुनं असलं तरी खरं होतं. मागण्या लहान यायच्या, आज निळा, परवा रेघांचा, आणि प्रत्येक वेळी लाइन नव्यानं मांडावी लागायची. अशा कामात सगळ्यात जलद हात कोणाचे याला किंमत नसते. सगळ्यात सावकाश मशीन ज्या चालीनं चालतं त्याच चालीनं शर्ट बाहेर पडतात. नजीबाला हे कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. लग्नाच्या घरी कुसकूस रांधताना हे सगळ्यांनाच कळतं, गाजरं सोलणारी मागे राहिली की बाकीच्यांची घाई फुकट जाते. कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाचा नवरा रात्री घरी आला नाही, हे सकाळी चेहऱ्यांवरून वाचून ती बंडलं इकडची तिकडे करायची. बोनस लाइनीला मिळे आणि सगळ्यांत सारखा वाटला जाई. तिसरी लाइन कारखान्यात पहिली असायची.

मग दलेंदाचा अंगठा दुखायला लागला. सकाळी तो वळायचाच नाही. ती कोणाला बोलली नाही, पण तिच्या मशीनमागे बंडलं साचू लागली.

दलेंदाकडे दोन कामं होती. आधी कॉलरला खालची पट्टी जोडायची, मग ती अख्खी कॉलर शर्टाच्या गळ्यावर बसवायची. तिच्या मागे मोंजिया बसायची. ती नुसती कॉलर शिवायची. मोंजिया लहानखुरी, तोंडाळ, आणि हात असे की सुईला दम लागावा. एका दुपारी नजीबानं तिला नळापाशी गाठलं.

"पट्टी तू जोडशील? तिच्याऐवजी?"

"आणि खाल्तीला काय सांगायचं? म्हातारी झालीस म्हणून?"

"ते मी बघते."

नजीबा दलेंदाकडे गेली आणि म्हणाली, "खाल्ती, आता पट्टी मागूनच जोडून येईल. फ्रान्सवाल्यांनी नवी पद्धत सांगितलीय."

"त्यांना काय कळतंय कॉलरमधलं," दलेंदा म्हणाली, आणि पुन्हा मशीनवर वाकली. एवढंच ते खोटं. बंडलं साचायची थांबली. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये म्हणतात, तसं सगळ्या लाइनीनं ते गिळलं. भिंतीवर कामांचा तक्ता होता, कोण काय करते त्याचा. तो बदलला असता तर दलेंदाच्या हातात अर्धंच काम उरलंय हे वर मालकाच्या ऑफिसात दिसलं असतं, म्हणून नजीबानं तो बदलला नाही. दोन रमजान असेच सुखात गेले.

त्यानंतरच्या वसंतात रस्त्यापलीकडे नवा कारखाना उभा राहिला. आपला समुद्र तोच त्यांचा समुद्र, आणि वर मशीनंही नवी. शर्टांच्या मागण्या देणाऱ्या फ्रान्सच्या बाईनं त्यातल्या अर्ध्या तिकडे वळवल्या. सी तिजानींनी सूस शहरातून वज्दी नावाचा तरुण इंजिनियर आणला. वज्दी वाईट मुलगा नव्हता. सगळ्यांना सलाम करायचा, स्वतःचा कप स्वतः धुवायचा. त्यानं प्रत्येक मशीनला एक छोटा पडदा बसवला. बंडल झालं की कार्ड टेकवायचं. कोणाच्या नावावर किती काम आहे ते यंत्राला ठाऊक असायचं, आणि त्यावरून ती बाई किती कामाची ते यंत्र सांगायचं.

"कोणाच्या पोटावर पाय द्यायला नाही हे," वज्दी नजीबाला म्हणाला. "लाइन कुठं अडते तेवढं बघायचंय. भिंतीवरचा तक्ता मी जसाच्या तसा यंत्रात घातलाय. बरोबर आहे ना?"

नजीबानं तक्त्याकडे पाहिलं. पट्टी जोडणे, कॉलर बसवणे: दलेंदा. नुसती कॉलर: मोंजिया. मागे दलेंदा गुणगुणत मशीन पुसत होती.

"बरोबर आहे," नजीबा म्हणाली. खोटं ते जुनंच, फक्त आता यंत्रात गेलं.

आता झालं काय, की मोंजियानं जोडलेल्या प्रत्येक पट्टीचं श्रेय दलेंदाच्या नावावर चढू लागलं, आणि मोंजियाचा तेवढा वेळ कुठेच दिसेना. हॉलच्या टोकाला मोठा पडदा लागला. चांगल्या बायकांची नावं हिरवी, बेताच्यांची पिवळी, वाईटांची तांबडी. पहिल्याच आठवड्यात दलेंदाचं नाव सगळ्यांच्या वर गेलं, हिरवंगार. मोंजियाचं तळाला, तांबडं.

दलेंदा त्या पडद्याखाली उभी राहून नाव बघायची. घरी जातानाही मान वळवून बघायची. तिनं मेंदी लावली, बऱ्याच वर्षांनी. तिचं ते खुलणं बघून नजीबाला बरं वाटायचं, आणि तळाच्या तांबड्या नावाकडे बघायचं ती टाळायची. पडदाच आहे, कोण विचारतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. आपण आपल्याला जे सांगतो ते खोट्यात धरत नाहीत, नाहीतर नजीबाच्या खोट्यांची संख्या वाढली असती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मोंजिया काहीतरी चावट बोलून सगळ्यांना हसवत होती. दलेंदानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"तोंडाइतका हात चालव की जरा," ती म्हणाली. "या वयात, या अंगठ्यानं माझं नाव वर आहे. तुझं बघ. तुझ्यामुळे लाइनीची मान खाली जाते. आम्ही तुझा भार वाहायचा का?"

कोणी ऑलिव्हची बी चघळत राहिलं, कोणी नजीबाकडे पाहिलं. मोंजियाचे कान लाल झाले. मग ती हसली. "खरंय खाल्ती. आळशीच आहे मी. सासू पण हेच म्हणते."

नजीबाला त्या वेळी बोलायला हवं होतं. ती उठून पाणी प्यायला गेली.

महिना संपला तेव्हा सी तिजानींनी तिला वर बोलावलं. फ्रान्सच्या बाईनं आणखी मागण्या काढून घेतल्या होत्या. चार लाइनींच्या तीन करायच्या होत्या, आणि प्रत्येक लाइनीतून तळाची नावं जायची होती. तिसऱ्या लाइनीतून एकच नाव होतं.

ती खाली आली तर मोंजिया फाटकापाशी गाडीची वाट बघत थांबलेली.

"माझंच ना?"

नजीबानं मान हलवली.

"मी काही वली-अवलिया नाही, नजीबा," मोंजिया म्हणाली. "नवऱ्याची बोट विकली गेलीय, तो कॅफेत बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजतो. मला हे काम हवंय. तक्ता बरोबर आहे असं तू म्हणालीस ना? मग आता तूच निस्तर."

"सांगते मी वर."

"सांग. पण खाल्तीला कळता कामा नये." गाडी आली. पायरीवर पाय ठेवून ती वळली. "तिच्या हाताला मेंदी बघितलीस?"

इकडे आड, तिकडे विहीर. नजीबा घरी गेली. आईनं हरभऱ्याच्या लबलाबीचा वाडगा पुढे ठेवला, तो गार झाला. "कारखान्यात कोणी मेलं का?" आईनं विचारलं. "अजून नाही," नजीबा म्हणाली.

सकाळी तिनं सी तिजानी आणि वज्दीपुढे सगळं सांगितलं. वज्दीनं लगेच यंत्र उघडलं, पट्टी मोंजियाच्या नावावर सरकवून बघितली. तांबडं नाव उडी मारून हिरव्यात गेलं आणि हिरवं तांबड्यात घसरलं. घोंगडी डोक्यावर ओढावी तर पाय उघडे पडतात, तसं.

"लाइन बघा ना," नजीबा म्हणाली. "लाइन पहिली आहे. माणूस-माणूस कशाला सुटं करून बघता?"

"पगार माणसाला देतो मी, लाइनीला नाही," सी तिजानी म्हणाले. मग उठून खिडकीपाशी गेले. "माझ्या वडिलांच्या वेळी या कारखान्यातला पहिला शर्ट दलेंदानं शिवला होता. मला हे सांगायला नको होतंस. माहीत नव्हतं तोवर मोंजियाला काढणं सोपं होतं."

"ते खोटं होतं, सी तिजानी."

"मग खरं काय ते तूच कर. तक्ता तुझा आहे. उद्या त्यावर जे असेल ते मी मानेन."

खाली येऊन तिनं तक्ता दुरुस्त केला. अक्षर नेहमीसारखं गोल आलं. दलेंदाशी आज संध्याकाळी बोलू असं तिनं ठरवलं, पण संध्याकाळी दलेंदा नातीच्या साखरपुड्याच्या गप्पा मारत निघाली आणि नजीबाचं तोंड उघडलं नाही.

म्हणून ते पडद्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दलेंदानं नेहमीप्रमाणे मान वर केली, वरून नाव शोधत खाली आली, आणि अगदी तळाला तिला ते सापडलं. ती सरळ नजीबाकडे आली.

"ते यंत्र बिघडलंय. वज्दीला बोलाव."

"बिघडलेलं नाही, खाल्ती."

"कालच्यासारखीच शिवतेय मी."

"हो. कालच्यासारखीच." नजीबानं डोळे खाली घातले आणि सांगून टाकलं. पट्टी, फ्रान्सवाल्यांची पद्धत, तक्ता, सगळं. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली.

दलेंदानं एकच विचारलं, "कधीपासून?"

"दोन रमजान झाले."

"सगळ्यांना माहीत होतं?"

आजूबाजूच्या बायकांनी माना खाली घातल्या, आणि ते उत्तर पुरलं. दलेंदा आपल्या जागेवर परत गेली. मशीनवर एक बंडल अर्धवट होतं, ते तिनं पुरं केलं, सावकाश, अंगठा तसाच ताठ. कार्ड टेकवलं नाही. मग उठून मोंजियापुढे उभी राहिली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी तुला भार म्हणाले. भार मी होते. सगळ्यांपुढे बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांपुढे मागते."

मोंजिया तोंड दोन्ही हातांत धरून रडायला लागली. "माफ केलं खाल्ती, माफ केलं, बस ना खाली." दलेंदा बसली नाही. कैची गळ्यात होतीच. ती तशीच फाटकाबाहेर गेली. नजीबा फाटकापर्यंत मागे धावली, पण दलेंदानं वळून पाहिलं नाही.

सी तिजानींना कोणाला काढावंच लागलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं हिशेबनीस म्हणाला. नजीबानं त्याच्याकडे असं बघितलं की पुढे तो तिच्या वाटेला गेला नाही.

त्यानंतर तिसऱ्या लाइनीत कोणी कोणाचं बंडल उचललं नाही. तशी कोणी बंदी घातली नव्हती. पण प्रत्येकीनं पाहिलं होतं की दुसरीची पट्टी जोडणारी तांबड्यात जाते. गरोदर मुलीपुढे ढीग साचायचा आणि तिच्या मागची बाई आपल्या पडद्याकडे बघत आणखी भराभर शिवून त्या ढिगात भर घालायची. मोंजियासुद्धा. हसणं कमी झालं. उन्हाळ्याच्या तोंडाशी भिंतीवरचा पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला, आणि त्याच संध्याकाळी रेघांच्या शर्टांची बोट त्यांना न घेता सुटली. ट्रक अर्धा रिकामा फाटकात उभा होता.

"सगळ्या हिरव्या आहेत," वज्दी पुन्हा पुन्हा आकडे तपासत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मग शर्ट कुठे आहेत?"

"ढिगात," नजीबा म्हणाली.

त्या रविवारी तिनं ताटलीत खजूर भरलेले मक्रूद घेतले, वर कापड झाकलं आणि दलेंदाच्या दारात जाऊन उभी राहिली. तीनदा येऊन ती दारावरूनच परतली होती. या वेळी तिनं कडी वाजवली. दलेंदानं दार उघडलं, ताटलीकडे बघितलं, आणि दार उघडं ठेवून आत वळली. अंगणात कॉफीचं भांडं शेगडीवर होतं. हातावरची मेंदी उडून गेली होती, नखांत थोडी उरली होती.

"लाइन कशी आहे?"

"बोट चुकली, खाल्ती."

दलेंदानं भांडं शेगडीवरून उतरवलं. "तुला पहिल्या आठवड्यात काय शिकवलं होतं मी?"

"चुकलेला टाका पुढे जाऊ द्यायचा नाही."

"माझा अंगठा चुकला होता. तिथंच सांगायचं होतंस. मी रडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या, आणि मग बटणं लावायला बसले असते. बटणं अजून लावते मी. तू तो टाका पुढे ढकललास. मोंजियाकडे, मग त्या यंत्राकडे, मग मालकाकडे. फिरत फिरत तो माझ्याच अंगावर आला, सगळ्यांपुढे."

नजीबाचे डोळे भरून आले. "मला माफ करशील?"

"मोंजियानं मला केलं," दलेंदा म्हणाली, आणि ताठ अंगठा सांभाळत कॉफी ओतली. "मी तुला अजून केलं नाही. केलं की सांगेन. मी काही तुझ्यासारखी गोड बोलणार नाही." तिनं कप पुढे सरकवला. "पी, गार होतेय."

नजीबा प्यायली. कॉफीत साखर नव्हती. ती बिनसाखरेची पीत नाही हे दलेंदाला चांगलं माहीत होतं. नजीबानं साखर मागितली नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेली.